मोटारीची बॅटरी कां उकळते?

मोटारीच्या बॅटरीविषयीं घरोघर जी तक्रार ऐकूं येते ती बहुधा एकाच प्रकारची असते : सकाळीं किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाहीं. बॅटरी उपाशी राहिली, तिला पुरेसें खाद्य मिळालें नाहीं, हें त्याचें कारण कोणालाहि चटकन् पटतें. परंतु उपासानें मरणाऱ्या बॅटऱ्यांबरोबर अजीर्णानें मरणाऱ्या बॅटऱ्याहि असतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अति खाणारा माणूस प्रथम धष्टपुष्टच दिसतो. ह्या बॅटरीचेंहि तसेंच होतें. गाडी एका हिसक्यासरशी सुरू होते, दिवे नेहमींपेक्षां लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो आणि मालक समाधानानें म्हणतो कीं, गाडीचें चार्जिंग उत्तम आहे. मग एके रात्रीं हेडलाइटचा बल्ब उडतो. पंधरा दिवसांनीं दुसरा उडतो. बॅटरींत दर आठवड्याला पाणी घालावें लागतें. बोनेट उघडलें कीं सडक्या अंड्यासारखी दुर्गंधि नाकांत शिरते. शेवटीं वर्ष-सव्वा वर्षांत बॅटरी बदलावी लागते आणि नवी आणलेली बॅटरीहि त्याच मार्गानें जाते. तिसरी विकत घेण्यापूर्वीं ज्या प्रश्नाचें उत्तर मिळवावयास हवें तो प्रश्न असा : बॅटरी वाईट निघते, कीं तिला भरणारें यंत्रच तिला जाळतें?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं बॅटरी म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. १८५९ सालीं गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिसें व गंधकाम्ल यांच्या साहाय्यानें पुनः पुनः भरतां येईल अशी बॅटरी तयार केली. आजच्या मोटारींतील नेहमींची बॅटरी ही तिचीच वंशज होय. तिच्यांत सहा सेल एकापुढें एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक सेलचा विद्युद्दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून सहांचा मिळून तो १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. बॅटरींत वीज हौदांतल्या पाण्यासारखी सांठवलेली नसते. भरतांना विजेच्या जोरानें प्लेटांवरील शिशाच्या सल्फेटचें रूपांतर होऊन एका प्लेटवर शुद्ध शिसें व दुसरीवर शिशाचें डायऑक्साइड तयार होतें. वीज वापरतांना हीच क्रिया उलट फिरते. रूपांतर होण्याजोगें सल्फेट शिल्लक आहे तोंवर बाहेरून येणाऱ्या विजेला काम असतें. तें संपलें कीं तिला काम उरत नाहीं. आणि रिकाम्या हातांना जसे नसते उद्योग सुचतात, तशी ती वीज पाण्यावर तुटून पडते.

पाण्यावर पडलेली वीज त्याचे दोन घटक वेगळे करते. एका प्लेटपाशीं हायड्रोजन व दुसरीपाशीं ऑक्सिजन यांचे बुडबुडे सुटूं लागतात. सामान्य माणूस ज्याला 'बॅटरी उकळते' असें म्हणतो तें खरोखर उकळणें नव्हे. तें पाण्याचें पृथक्करण आहे. ह्या क्रियेचा हिशेब अगदीं ठरलेला आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरींत १ अँपिअरचा जादा प्रवाह एक तास गेला तर सहा सेलांतून मिळून सुमारें २ ग्रॅम पाणी नाहींसें होतें आणि सुमारें पावणेतीन लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हा जादा प्रवाह ५ अँपिअरांचा असला, तर मुंबईहून पुण्यापर्यंतच्या तीन तासांच्या प्रवासांत ३० ग्रॅम पाणी गेलें आणि चाळीस लिटरांवर हायड्रोजन बोनेटखालीं सुटला, असें समजावें. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कितीहि असलें तरी तें मिश्रण एका ठिणगीनें पेट घेतें. बॅटरी फुटून गंधकाम्ल तोंडावर उडाल्याचे अपघात होतात, त्यांचें मूळ येथें आहे. म्हणून ह्या दोषाकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणें योग्य नव्हे.

पाणी गेल्यानें होणारें नुकसान पाणी घालून भरून निघतें असेंहि नाहीं. अति भरण्यानें धन प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, तिच्यावरचा लेप सुटून तळाशीं बसतो आणि बॅटरी तापते. तापलेली बॅटरी त्याच दाबाखालीं अधिक प्रवाह ओढते, अधिक प्रवाहानें ती आणखी तापते आणि हें चक्र एकदां सुरू झालें कीं तिच्या बाजू फुगूं लागतात. ज्यांत पाणी घालण्याची सोयच नसते अशा बंद बॅटऱ्यांत तर गेलेलें पाणी परत आणण्याचा मार्ग नसतो. शिवाय आजच्या मोटारींत इंजिनाचा संगणक, एअरबॅग, ब्रेकची यंत्रणा हीं सारीं त्याच विजेवर चालतात. बल्ब उडाला तर तो थोडक्या पैशांत बदलतां येतो. संगणक बिघडला तर मोठी रक्कम मोजावी लागते.

आतां ही वीज येते कोठून, तें पाहूं जातां गोष्ट मायकेल फॅरडे यांच्यापर्यंत जाते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकाचा जोर बदलता ठेवला तर तारेंत वीज उत्पन्न होते, हें त्यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, हातानें हँडल मारण्याचा त्रास वांचला आणि बॅटरी व ती भरणारा डायनॅमो हीं मोटारीचीं आवश्यक अंगें होऊन बसलीं. डायनॅमोची उणीव अशी कीं, इंजिन मंद गतीनें चालत असतां तो जवळजवळ कांहींच वीज देत नसे. पुढें सिलिकॉनचे डायोड स्वस्तांत मिळूं लागले आणि १९६० सालीं क्राइस्लर कंपनीनें आपल्या व्हॅलियंट मोटारींत अल्टरनेटर बसवून तो सर्वसामान्य मोटारींत आणला. नंतरच्या काळांत डायनॅमो मागें पडला आणि अल्टरनेटर सर्वत्र रूढ झाला.

अल्टरनेटरच्या मध्यभागीं एक फिरता विद्युच्चुंबक असतो. त्याच्या वेटोळ्याला दोन लहान कार्बन ब्रशांवाटें सुमारें तीन-चार अँपिअरांचा प्रवाह मिळतो. भोंवतालीं स्थिर वेटोळीं असतात. त्यांत उत्पन्न झालेली उलटसुलट वीज डायोड एका दिशेची करतात आणि ती जाड तारेनें बॅटरीकडे जाते. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, चुंबकाला मिळणाऱ्या त्या लहानशा प्रवाहावर सगळ्या यंत्राचें उत्पन्न अवलंबून असतें. तो बंद केला कीं वीज थांबते; तो मोकळा सोडला कीं इंजिनाच्या गतीबरोबर विद्युद्दाब वर वर चढत जातो आणि १६, १७, कधीं १८ व्होल्टपर्यंतहि पोहोंचतो. ह्या लहान प्रवाहावर लगाम धरण्याचें काम ज्याच्याकडे असतें तो रेग्युलेटर. तो दर सेकंदास कितीतरी वेळां हा प्रवाह तोडतो आणि जोडतो व बॅटरीवरील दाब सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान राखतो.

रेग्युलेटरची ही कामगिरी नीट ध्यानांत घेतली म्हणजे निदानाची किल्ली हातीं येते. रेग्युलेटरला स्वतःची बुद्धि नसते. त्याच्याकडे एका तारेनें दाबाची वर्दी येते, आणि त्या वर्दीवर विसंबून तो हुकूम सोडतो. 'दाब कमी आहे' अशी वर्दी आली कीं तो लगाम ढिला करतो. 'दाब पुरा झाला' अशी वर्दी आली कीं तो लगाम खेंचतो. तेव्हां अति भरण्याचीं कारणें मुख्यतः दोन जातींचीं असणार, हें उघड आहे. एक तर रेग्युलेटर स्वतः बिघडला आहे आणि खरी वर्दी मिळूनहि तो लगाम खेंचीत नाहीं. किंवा रेग्युलेटर अगदीं निर्दोष आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोंचणारी वर्दीच खोटी आहे. दुसऱ्या जातीच्या दोषांत नवा रेग्युलेटर घातला, नवा अल्टरनेटर घातला, तरी तो नवा नोकरहि त्याच खोट्या वर्दीवर विश्वास ठेवून तीच चूक करीत राहतो. पैसे खर्च होऊनहि दोष कायम राहतो तो ह्यामुळें.

ह्याचें उत्तम उदाहरण १९६० नंतरच्या जुन्या क्राइस्लर मोटारींत पाहावयास मिळतें. त्यांच्या रेग्युलेटरला दाबाची वर्दी बॅटरीवरून थेट मिळत नसे. ती किल्लीच्या स्विचांतून आणि इंजिनामागच्या पडद्यांतील जोडांतून फिरून येई, आणि चुंबकाचा प्रवाहहि त्याच वाटेनें जाई. आतां ह्या वाटेवर गंज चढून केवळ अर्ध्या ओहमचा अडथळा उत्पन्न झाला असें धरावें. त्यांतून ४ अँपिअरांचा प्रवाह गेला कीं वाटेंतच २ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीवर १६.२ व्होल्ट असतां रेग्युलेटरला दिसतात १४.२; आणि सर्व कांहीं ठीक चाललें आहे अशा समजुतीनें तो स्वस्थ बसतो. दोष अल्टरनेटरमध्यें नाहीं, रेग्युलेटरमध्येंहि नाहीं. तो दोन पैशांच्या गंजलेल्या जोडांत आहे. जुन्या गाड्या जतन करणाऱ्या हौशी मंडळींना हा अनुभव आजहि येतो.

तपासणीस आरंभ करण्यापूर्वीं कांहीं पथ्यें पाळावयास हवींत. गाडी मोकळ्या हवेंत उभी करावी; बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये. जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती, निरांजन असें कांहींहि जळतें असूं नये. हातांतील अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचें घड्याळ काढून ठेवावें. गळ्यांतील साखळी किंवा मंगळसूत्र लोंबत असेल तर तेंहि काढावें अथवा नीट आंत घ्यावें, कारण बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें धातु आला तर तो क्षणांत लाल होतो. डोळ्यांवर चष्मा असावा. ओढणी, पदर, सैल बाही फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. अॅसिड अंगावर उडालेंच तर पुष्कळ पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेलें तर निदान पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें डोळे धुवून ताबडतोब डॉक्टरकडे जावें.

निदानाचें मुख्य साधन म्हणजे एक साधा मल्टिमीटर. तो एकसमान विजेच्या २० व्होल्टच्या पट्टीवर लावावा. पण ज्याच्या साक्षीवर सारा निवाडा व्हावयाचा त्या साक्षीदाराचीच परीक्षा प्रथम घ्यावी. आंकडे दाखविणाऱ्या स्वस्त मीटरच्या पोटांतील लहान बॅटरी उतरली म्हणजे तो पुष्कळदां खऱ्यापेक्षां जास्त व्होल्ट दाखवूं लागतो. आणि निरोगी गाडीवर अति भरण्याचा आळ येतो. म्हणून मीटरमध्यें ताजी बॅटरी घालावी आणि टॉर्चचा नवा दीड व्होल्टचा सेल मोजून पाहावा; तो १.६ च्या आसपास दिसला म्हणजे मीटरवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

पहिलें माप इंजिन बंद असतां घ्यावें. गाडी कांहीं तास उभी राहिलेली असावी. बॅटरीच्या दोन टोंकांवर १२.६ च्या जवळपास आंकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ आला तर सुमारें अर्धी उतरली आहे. मात्र विसांव्यानंतरहि आंकडा साडेदहाच्या आसपास घुटमळत असेल तर एक सेल निकामी झाल्याचा संशय घ्यावा. हा संशय महत्त्वाचा आहे. कारण सहांपैकीं एक सेल आंतल्या आंत जुळून गेला कीं उरलेल्या पांचांवर सहांचा दाब येतो, आणि अल्टरनेटरनें अगदीं नियमानें १४.२ व्होल्ट दिले तरी ते पांच सेल उकळूं लागतात. अशा वेळीं दोष बॅटरीचा असून अल्टरनेटर निरपराधी असतो. म्हणून 'बॅटरी उकळते' एवढ्यावरून निवाडा करूं नये; दाब किती आहे, तें पाहावें.

दुसरें माप इंजिन सुरू करून, दिवे, पंखा, एअरकंडिशनर सर्व बंद ठेवून घ्यावें. प्रथम मंद गतीवर आणि नंतर मिनिटास सुमारें २००० फेऱ्यांवर. निरोगी गाडींत गति वाढल्यावर आंकडा थोडा चढतो आणि एका जागीं स्थिर राहतो. तो १५ च्या वर गेला आणि गतीबरोबर चढतच राहिला तर लगाम सुटला आहे हें निश्चित समजावें. तिसरें माप हेडलाइट व पंखा लावून घ्यावें. भार घातल्यावर आंकडा खालीं येऊन नेमस्त झाला आणि भार काढतांच पुनः उसळला, तर त्याच निदानास पुष्टि मिळते.

येथें दोन अपवाद सांगणें अवश्य आहे. पहिला हवामानाचा. बॅटरी जितकी गरम तितका तिला लागणारा दाब कमी. बारा व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंश सेल्सिअसमागें सुमारें दोन-शतांश व्होल्ट कमी द्यावे लागतात; म्हणजे वीस अंशांचा फरक पडला कीं सुमारें ०.४ व्होल्टचा फरक पडतो. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बोनेटखालची हवा त्याहूनहि तप्त असते. थंडींतल्या सकाळीं १४.६ हा आंकडा क्षम्य ठरेल. पण वैशाखांतल्या दुपारीं तासभर गाडी चालल्यावरहि तोच दिसत असेल तर तो बॅटरीला सोसणार नाहीं. दुसरा अपवाद नव्या मोटारींचा. त्यांत कित्येकदां बॅटरीच्या ऋण टोंकावर एक संवेदक बसविलेला असतो आणि इंजिनाचा संगणक गरजेप्रमाणें दाब कमीजास्त करतो; उतारावर वा ब्रेक मारतांना तो कांहीं काळ १५ पर्यंत चढविला जातो, एरव्हीं १३ च्याहि खालीं ठेवला जातो. अशा गाडींत एकाच मापावर विसंबूं नये. वीस-पंचवीस मिनिटें निरनिराळ्या स्थितींत आंकडा पाहावा आणि त्या मोटारीच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडून घ्यावा.

अति दाब सिद्ध झाला म्हणजे खरा प्रश्न पुढें येतो : रेग्युलेटर बिघडला, कीं वर्दी खोटी? त्याचा निकाल एका मापानें लागतो. ज्या तारेनें रेग्युलेटरला वर्दी मिळते ती तार गाडीच्या विजेच्या नकाशावरून ओळखावी. तिचा जोड न काढतां, इंजिन चालूं असतांच, मीटरचें लाल टोंक त्या तारेला व काळें टोंक रेग्युलेटरच्या अंगाला लावावें. बॅटरीवर १६ व्होल्ट आणि येथेंहि १६ व्होल्ट असतील तर रेग्युलेटरला खरें काय तें कळत असून तो लगाम खेंचीत नाहीं, तो दोषी. बॅटरीवर १६ आणि येथें मात्र १४.२ असतील तर तो निर्दोष. दोष वाटेंत आहे. मग त्या वाटेवरील फ्यूज, स्विच, जोड एकेक करून तपासावे. ज्या जोडाच्या अलीकडे १६ व पलीकडे १४.२ दिसेल, तोच गुन्हेगार. पुष्कळ आधुनिक अल्टरनेटरांत वर्दीची वेगळी तार नसते, रेग्युलेटर आपल्याच यंत्राच्या तोंडाशीं दाब पाहतो; तेथें अति दाब दिसला तर संशय बहुधा सरळ रेग्युलेटरवरच जातो.

वर्दी खोटी होण्यास दुसरेंहि एक कारण असतें, तें म्हणजे अर्थिंग. जुन्या गाड्यांत रेग्युलेटर वेगळा, गाडीच्या पत्र्यावर स्क्रूनें बसविलेला असे. त्या स्क्रूखालीं गंज किंवा रंग असला कीं रेग्युलेटरचा पायाच वर उचलला जातो आणि त्याला दाब कमी भासतो. मुंबई व कोंकणपट्टींतील खाऱ्या, दमट हवेंत आणि चार महिन्यांच्या पावसांत हा विकार विशेष बळावतो. त्याची परीक्षा अशी : हेडलाइट लावून, इंजिन २००० फेऱ्यांवर ठेवून, मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास आणि दुसरें रेग्युलेटरच्या अंगास लावावें. आंकडा ०.२ व्होल्टपेक्षां जास्त आला तर अर्थिंग सदोष आहे. हीच परीक्षा अल्टरनेटरच्या अंगावरहि घ्यावी. शिवाय ज्या रचनेंत चुंबकाच्या वेटोळ्याचा अर्थ रेग्युलेटरमधून जातो, तेथें सोललेली तार किंवा ब्रश गाडीच्या पत्र्यास टेकला कीं रेग्युलेटरला वळसा घालून प्रवाह मोकाट सुटतो. वेगळा रेग्युलेटर असलेल्या गाडींत इंजिन बंद करून त्याचा जोड काढावा आणि पुनः थोडा वेळ सुरू करून पाहावें. तरीहि भरणें चालूंच राहिलें तर तार टेकली आहे असें समजावें.

दुरुस्ती निदानाला अनुसरून करावी. वाट सदोष असेल तर तीच नीट करावी : जोड साफ करून घट्ट बसवावे, जळका स्विच बदलावा, अर्थिंगच्या जागीं पत्रा चकाकेपर्यंत घांसावा. जुन्या गाड्यांत एक रिले बसवून रेग्युलेटरला बॅटरीवरून आंखूड तारेनें वर्दी द्यावी. हा उपाय स्वस्त आणि टिकाऊ आहे. रेग्युलेटरच दोषी ठरला तर संपूर्ण अल्टरनेटर टाकून देण्याचें कारण बहुधा नसतें. पुष्कळ अल्टरनेटरांत रेग्युलेटर आणि ब्रश एकाच तुकड्यांत मागच्या बाजूस दोन-तीन स्क्रूंनीं बसविलेले असतात. प्रथम बॅटरीचें ऋण टोंक काढावें, मग अल्टरनेटरचा जोड व जाड तार सोडवावी. जुना तुकडा काढल्यावर ज्या तांब्याच्या कड्यांवर ब्रश फिरतात तीं कडीं पाहावींत. काळीं पडलीं असतील तर बारीक पॉलिश कागदानें पुसावींत, खोल चरे पडले असतील तर तें काम कारागिराकडे द्यावें. ब्रश झिजून पांच मिलीमीटरपेक्षां आंखूड झाले असतील तर तेहि बदलावे. नवा तुकडा त्याच यंत्राच्या क्रमांकाचा असावा. दिसावयास सारखा म्हणून भलताच घेऊं नये. सर्व जोडल्यावर ऋण टोंक सर्वांत शेवटीं लावावें आणि पूर्वींचीं सारीं मापें पुनः घ्यावींत. दुरुस्ती झाली हें मिस्त्रीच्या तोंडून ऐकण्यापेक्षां मीटरवर वाचावें.

यानंतर बॅटरीकडे वळावें. पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरींत फक्त डिस्टिल्ड पाणी घालावें. नळाचें नको आणि अॅसिड तर मुळींच नको, कारण उडून गेलें तें पाणी होतें, अॅसिड आंतच आहे. बॅटरी पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटरनें प्रत्येक सेल पाहावा. आंकडा १.२६ ते १.२८ च्या दरम्यान असावा. एखाद्या सेलचा आंकडा इतरांहून ०.०५ नें खालीं असेल तर त्या बॅटरीचा भरंवसा धरूं नये. फुगलेली बॅटरी पुनः वापरूंच नये. बॅटरीच्या वरच्या अंगावर सांचलेलें पांढरें-हिरवें किटण खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें. तें पाणी सेलांच्या तोंडांतून आंत जाऊं देऊं नये.

डायनॅमोच्या काळांतील एक सवय मात्र अजून कांहीं ठिकाणीं टिकून आहे आणि ती मोडणें अगत्याचें आहे. इंजिन चालूं असतां बॅटरीचें टोंक काढावयाचें आणि इंजिन बंद पडतें कीं नाहीं यावरून चार्जिंगची परीक्षा करावयाची, ही ती सवय. अल्टरनेटर असलेल्या गाडींत असें केलें कीं बॅटरीचा आधार एकाएकीं सुटतो, क्षणभर दाब कित्येक दहा व्होल्टनीं उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड व गाडींतील संगणक जळण्याची भीति असते. एका क्षणाच्या ह्या परीक्षेनें नसलेला दोष उत्पन्न होतो.

हा बिघाड प्रवासांत लक्षांत आला तर घाबरण्याचें कारण नाहीं. पण दुर्लक्षहि करूं नये. हेडलाइट, पंखा, मागच्या कांचेचा हीटर असे जेवढे भार लावतां येतील तेवढे लावावे, इंजिनाची गति कमी ठेवावी आणि जवळचें गॅरेज गांठावें. सडक्या अंड्याचा दर्प गाडींत येऊं लागला तर कांचा उघडाव्या, गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें आणि बोनेट लगेच उघडून आंत वाकूं नये. वायु निघून जाण्यास थोडा अवधि द्यावा. उकळलेल्या बॅटरीला तारा लावून दुसऱ्या गाडीकडून सुरुवात करून घेण्याचा खटाटोप तर मुळींच करूं नये, कारण अशा वेळीं ठिणगी हमखास पडते.

मोटार ही आतां अनेक घरांत कुटुंबांतल्या माणसासारखी वावरते. तिचा प्रत्येक बिघाड मालकानें स्वतः दुरुस्त करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. परंतु दोन तारांचा एक मीटर घरांत ठेवणें आणि महिन्यांतून एकदां, इंजिन बंद असतां व चालूं असतां, असे दोन आंकडे वहींत टिपून ठेवणें, एवढें कोणत्याहि सुशिक्षित घराला जमण्याजोगें आहे. ती वही घेऊन गॅरेजमध्यें गेलेल्या मालकाला 'बॅटरी बदला' एवढेंच उत्तर देऊन कोणी परत पाठवूं शकत नाहीं. सर्व दिवे जास्त लख्ख लागूं लागले तर तें गाडीच्या उत्तम प्रकृतीचें लक्षण मानूं नये. अति तेथें माती ही म्हण बॅटरीलाहि तंतोतंत लागूं आहे. आणि कोणताहि भाग बदलण्यापूर्वीं, त्या भागाला खरी वर्दी मिळत होती कीं नाहीं, एवढें मात्र अवश्य मोजून पाहावें.